आडवं येऊ नये

चुलीत अजून एक लाकूड सार रे, जिगमेत. आणि ते मोबाईल पालथे ठेवा सगळ्यांनी. एक तर वीज गेलीय, त्यात तुमच्या तोंडांवर तो निळा उजेड. माणूस कोण आणि भूत कोण, मला कळेनासं झालंय.

लेहच्या विमानतळाबाहेर पांढरी व्हॅन लावून उभा असतो तो योनतन तुम्ही पाहिलाय. कमी बोलणारा. अंधार पडल्यावर भाडं घेत नाही, कितीही आर्जवं करा. हा योनतन तेव्हा आमच्या नुरचुंगचा ओनपो होता, गावचा ज्योतिषी. बाप ओनपो, आजा ओनपो. उन्हाळ्यात हा पर्यटक फिरवायचा आणि हिवाळ्यात गणित मांडायचा. जे सांगतोय ते त्याच्या बाबतीत घडलंय, आणि त्यानं ते सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो.

२०१८ सालचा डिसेंबर. लोसारला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, तीन रात्री उरल्या होत्या. योनतन थुक्पा पीत बसला होता तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बाईचा आवाज होता. घरात माणसं जमलेली असताना कोपऱ्यात जाऊन बोलावं, तशी हळू बोलत होती. म्हणाली, ग्यालसनच्या घरी मयत झालंय, पाटी घेऊन या. कोण गेलं, असं यानं विचारलं तर फोन बंद. त्याला वाटलं, ग्यालसनची म्हातारी आई गेली असणार. दोन हिवाळे ती आज जाते की उद्या, अशीच होती. त्यानं वाटी धुऊन ठेवली, अंगात लोकरीचा गोंचा चढवला, लाकडी पाटी कापडात गुंडाळली, राखेची पिशवी घेतली आणि व्हॅन काढून निघाला. त्याच्या धंद्यातलं रोजचंच काम.

तुम्हाला वाटतं, ओनपो म्हणजे लग्नाची तारीख काढून देणारा. त्याचं खरं काम माणूस मेल्यावर. पाटीला तूप चोळायचं, वर राख भुरभुरायची आणि काडीनं त्या राखेत आकडे मांडायचे. मेलेल्याचं जन्मवर्ष कोणतं, मरणाची वेळ कोणती. त्यावरून कोणत्या वर्षी जन्मलेल्यानं मयताला हात लावायचा, कोणत्या दिशेनं घराबाहेर काढायचं, मयत जाळायच्या भट्टीला आग कधी द्यायची. आणि शेवटचा भाग सगळ्यात आतला, गुरूनं शिष्याला बंद खोलीत शिकवायचा. हे मरण कोणत्या कर्माचं फळ, ते त्यात निघतं. मग त्या कर्मासाठी जो विधी असेल तो करायचा, म्हणजे मेलेला हलका होऊन पुढे जातो.

योनतनचा बाप फार चोख माणूस. तो म्हणायचा, मागच्या जन्माचं जे निघेल ते मेलेल्याच्या कानात सांगायचं आणि गप्प बसायचं. जिवंतांना सांगितलं की ते त्याची काठी करतात. पोरानं बापाकडून सगळी विद्या घेतली, फक्त हे एवढं घेतलं नाही.

आता ग्यालसनचं सांगतो. त्याचं घर गावाच्या वरच्या टोकाला. पाहुण्यांसाठी सहा खोल्या, काचेच्या खिडक्या, दारात दोन गाड्या. गावाचा कारभारी, गोबा, तोही त्याच्या शब्दाबाहेर नाही, मग बाकीच्यांची काय कथा. त्याची बायको देआचेन. आमच्याच फास्पुनमधली, म्हणजे आमची चार घरं एका देवाची, एकमेकांची जन्म-मरणं आम्हीच करायची. पोरगी बारीक चणीची, पण तिखट. ग्यालसन प्याला की तोंड सोडायचा, आणि ती ऐकून घ्यायची नाही. आदल्या हिवाळ्यात, असल्याच थंडीत, ती गुरांसाठी गवत आणायला गच्चीवर गेली. आमच्या घरांना गच्चीवर जायला शिडी आणि शिडीच्या डोक्यावर आडवं दार, तुम्हाला माहीतच आहे. कडी आतून.

सकाळी ती त्या दाराशी सापडली.

ग्यालसन म्हणाला, पाय घसरून पडली असेल, मला काय ठाऊक, मी झोपलो होतो. मयताला बसतं करून बांधायचं काम आमचं, फास्पुनचं. मी तिचे हात दुमडायला घेतले. तळवे सोललेले होते, मांस दिसेपर्यंत. घसरून पडलेल्या माणसाचे हात तसे होत नाहीत. मी योनतनला हाक मारली आणि म्हणालो, हे बघ. त्यानं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि परत पाटीवर वाकला.

स्वयंपाकघर माणसांनी भरलेलं. बापाच्या जागेवर पहिल्यांदाच बसलेलं हे पोरगं. समोर ग्यालसन, नजर न हलवता. कुणी दमडी दिली नाही, कुणी धमकावलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याला फक्त मोठं व्हायचं होतं. त्यानं मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मागच्या जन्मी हिनं आसऱ्याला आलेल्या कुणालातरी बर्फात बाहेर ठेवून दार लावलं होतं, ते फळ आता पिकलं, कुणाचाही दोष नाही.

सगळ्यांनी श्वास सोडला. खरं सांगतो, त्या घरात श्वास सोडल्याचा आवाज झाला.

एकटी तिची आई उभी राहिली, आमा झांगमो. म्हणाली, मी पोलिसांत जाते. तेव्हा या शहाण्यानं तिला शेजारी बसवून समजावलं की फळ पिकत असताना आडवं येऊ नये. आडवं आलं की उरलेलं पोरीला पुढच्या जन्मी भोगावं लागतं. मग कुठली आई जाईल पोलिसांत? ती शालीचं टोक तोंडात कोंबून घरी गेली. त्या दिवशी मला योनतनचं मुस्काट फोडावंसं वाटलं होतं. आजही वाटतं कधी कधी.

काय म्हणालीस, ल्हाझेस? एकोणपन्नास दिवसांत जीव पुढच्या जन्माला जातो, मग ती परत कशी? अगं, तेच तर. विधी कशाचा झाला? तिनं दार लावल्याच्या पापाचा. जे तिनं केलंच नव्हतं. दुसऱ्याचं ओझं डोक्यावर देऊन वाटेला लावलं तिला. ती कुठं पोचणार?

तर त्या रात्री योनतन ग्यालसनच्या घरी पोचला. दार उघडलं ते ग्यालसननंच. धडधाकट, हातात छांगचा पेला, नाक लाल. याच्या काखेतली पाटी बघितली आणि हसायलाच लागला. "या, ओनपोसाहेब. कुणाला पोचवायला आलात? मला की काय?"

आत म्हातारीही जिवंत. चुलीपाशी जपमाळ ओढत बसलेली. फोन कुणीच केला नव्हता. घरात फोन करायला दुसरं कुणी नव्हतंच, देआचेननंतर मोलकरीणसुद्धा टिकत नव्हती. कुणातरी टवाळ पोरानं चेष्टा केली असणार, असं ठरलं. योनतननं नंबर बघायला फोन काढला. आलेल्या फोनच्या यादीत त्या संध्याकाळचं काही नव्हतं. दुपारी त्याच्या बहिणीचा होता, तोच वर.

तेवढ्यात बर्फ सुरू झाला. असा की व्हॅन दिसेना. ग्यालसन म्हणाला, आता राहा, सकाळी जा. राहण्यावाचून इलाजही नव्हता. याला एक पेला मिळाला, मग दुसरा. ग्यालसन रंगात आला. म्हणाला, पाटी आणलीयस तर माझं मांड, बघू तरी किती वर्षं त्रास देणार मी या गावाला. योनतन नको म्हणत होता. रात्री मांडायचं नसतं. पण तो चिडवत राहिला, बापाला येत होतं, तुला येत नाही, असं काहीबाही. बापाचं नाव काढलं की हा पेटायचाच.

यानं राख भुरभुरली. ग्यालसनचं जन्मवर्ष डुकराचं, आपल्या बारा प्राण्यांच्या वर्षांतलं. जिवंत माणसाचं मांडायची रीत वेगळी, मेलेल्याची वेगळी. योनतन सांगतो, मी जिवंताचंच मांडायला घेतलं होतं. काडी माझ्याच हातात होती. पण मांडून झालं आणि बघतो तर ते मयताचं होतं. वेळ निघाली होती याच रात्रीची, पहाटेची. आणि मयत घराबाहेर काढायची दिशा...

पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर यांतली एकही नाही. वर.

त्यानं तळहातानं सगळं पुसून टाकलं. ग्यालसननं विचारलं, काय निघालं? हा म्हणाला, काही नाही, राख ओली आहे.

आणि वरून आवाज आला.

ठक.

गच्चीच्या दारावर. तिघांनीही वर बघितलं. ग्यालसन म्हणाला, बर्फ पडतोय. मग परत. ठक... ठक. घाई नाही. ज्याला ठाऊक आहे की आज कुणीतरी उघडणार, असं कुणीतरी ठोठावत होतं.

म्हातारीनं जपमाळ तोंडावर धरली. म्हणाली, "उघडू नकोस, बाळा. बर्फ लागल्यापासून रोज येतेय. मी कानात बोळे घालून झोपते. तूही झोप."

योनतन म्हणतो, तिथं ती एवढं बोलली नसती तर ग्यालसन उठला नसता. पण ओनपोसमोर आपल्या आईनं आपल्याला भित्रा करावं, हे त्याला सोसलं नाही. शिवी हासडली, टॉर्च घेतला आणि शिडी चढला. जाताना म्हणाला, "तूच सांगितलंस ना, कुणाचा दोष नाही म्हणून? मग मला कशाची भीती?"

कडी सरकवली. दार वर ढकललं. गार वारा आत आला आणि चुलीतली आग आडवी झाली. टॉर्चचा उजेड गच्चीवर फिरला. "कुणी नाही. मांजर पण नाही. ये, बघ." आणि तो पुरता वर गेला. त्याचे बूट बर्फात करकरत गवताच्या गंजीपर्यंत गेल्याचं खाली ऐकू आलं.

मग शिडी वाजली.

तो अजून गंजीपाशीच होता. बूट तिकडेच वाजत होते. पण शिडी वाजत होती. एक पायरी... दुसरी... खाली येणारं वजन हलकं होतं. योनतनला आधी पाय दिसले. अनवाणी. निळे.

डोक्यावर दार हळूच बसलं. कडी आतून लागली.

ती आत आली होती.

नाही रे, किंचाळली नाही, केस सोडलेले नाहीत, काही नाही. रोजच्यासारखी आली आणि चुलीच्या उजव्या बाजूला, सुनेच्या जागेवर बसली. हात गोंच्याच्या बाह्यांत. म्हातारीला काही दिसलं नसावं. तिला फक्त कळलं की दार लागलं. वर पावलं दाराशी आली आणि ग्यालसनची हाक आली. आधी हसत. "ए योनतन, पुरे की. उघड." मग चढ्या आवाजात. मग मुठी.

म्हातारीला शिडी चढवत नव्हती. तिनं योनतनचे पाय धरले, माझ्या पोराला उघड म्हणून. हा उठला. खरंच उठला. दोन पावलं टाकली.

"आचो," ती म्हणाली. थोरल्या भावाला हाक मारावी तशी.

फोनवरचा आवाज.

"जा ना. उघड. मी अडवत नाही. आधी एवढंच सांग, फळ पिकत असताना आडवं आलं की काय होतं?"

योनतन म्हणतो, माझी पाचावर धारण बसली होती, पण डोकं स्वच्छ होतं. काय बोलायचं ते मला कळत होतं. मी चुकलो. मला काहीच दिसलं नव्हतं, पोथीतली एक ओळ मी तुझ्या मरणावर चिकटवली. एवढंच बोलायचं होतं. ती वाट बघत होती. अगदी ऐकायला बसावं तशी बसली होती. बोललो असतो तर कडी आपोआप निघाली असती, असं मला आजही वाटतं.

"वर कोण आहे, आचो? यानं मागच्या जन्मी कुणाला बाहेर ठेवलं होतं?"

वर मुठी. ठक ठक ठक. म्हातारीचं रडणं.

"सांग. तुला दिसतं ना."

आणि याच्या तोंडून काय निघालं, माहितेय? तेच. शब्द न् शब्द तेच. आसऱ्याला आलेल्याला... बर्फात... दार लावलं होतं. फळ पिकलं. कुणाचाही... दोष नाही.

"मग उघडायचं का?"

योनतननं शिडीकडे बघितलं.

"आचो. उघडायचं का?"

"आडवं... येऊ नये."

ती मान हलवून म्हणाली, "बरं. मी सूड घेतला असं कुणी म्हणायला नको. तूच सांगितलंस. मी याचं फळ आहे."



मुठी चालू होत्या. बराच वेळ. मग नखं. मग... काही नाही. योनतनचे पाय जमिनीला थिजले होते. म्हातारी दमून त्याच्या पायांवरच पडली होती. चूल जळत होती आणि तिची ऊब एकाही माणसाला लागत नव्हती. कधीतरी पहाटे त्यानं उजवीकडे बघितलं. जागा रिकामी होती.

उजाडताच आम्हाला बोलावणं आलं. मीच वर चढलो. कडी बोटानं सरकली, इतकी सैल. ग्यालसन दाराशीच बसलेला होता, गुडघे छातीशी, मान खाली. मयताला बसतं करून बांधायला आम्हाला एरवी घाम फुटतो. याला बांधावं लागलं नाही. तळवे मी बघितले. बघायची गरज नव्हती, तरी बघितले. मला वाईट वाटलं का, विचारू नका. म्हातारीचं वाटलं.

खाली सगळं गाव जमलं. योनतनपुढे पाटी ठेवली. गोबा म्हणाला, सांगा, कशाचं फळ हे? आमा झांगमो दारात उभी होती, आत आली नव्हती. योनतननं तिच्याकडे बघितलं, पाटी बाजूला सारली आणि बोलायला लागला. मघाशी तुम्हाला सांगितलं ते सगळं. पोथीतली ओळ, फोन, कडी, सगळं. शेवटी म्हणाला, "मागचा जन्म मला कुणाचाच दिसत नाही. तुमच्या पोरीचं मरण या जन्मातलं होतं, आमा. तिचं काही पाप नव्हतं. ज्यानं केलं तो वर बसलाय. आणि दुसरा मी."

आमा झांगमो एवढंच म्हणाली, "हे तेव्हा बोलायचं होतंस." आणि निघून गेली. पण जाताना ती सरळ चालत होती. वर्षभर मी तिला वाकलेलीच बघितली होती.

ग्यालसनला आम्ही दुपारी भट्टीत बसवला. आमच्या फास्पुनची भट्टी एकच, ओढ्यापलीकडे. देआचेनही तिथंच जळली होती. मातीची आहे, माणसाच्या छातीएवढी उंच. आग चांगली लागली. आम्ही अंधार पडेपर्यंत थांबलो आणि मग परत आलो. रात्री पुन्हा बर्फ पडला, गुडघाभर.

सकाळी राख काढायला मीच पहिला गेलो. एकटाच. ओढ्यापासून भट्टीपर्यंत कोरा बर्फ, त्यावर माणसाचं, कुत्र्याचं, कावळ्याचं, कसलंच पाऊल नाही. भट्टी डोक्यापासून तळापर्यंत पांढरी. आग आत रात्रभर धुमसत असूनही बाहेरचा बर्फ थेंबभर वितळलेला नव्हता. फक्त समोरच्या अंगाला, छातीच्या उंचीवर, दोन जागा मोकळ्या होत्या. खाली काळी माती दिसत होती. पाच बोटं आणि पाच बोटं. थंडीनं गारठलेलं माणूस चुलीला हात लावून उभं राहतं, तसे दोन पंजे.

लहान होते. मी माझा हात त्यावर ठेवून बघितला, माझी बोटं सगळीकडून बाहेर आली.

माती गरम होती, पोरांनो.